ओनरशिपचा ब्लॉक : मुंबईतील नव्या घराच्या खरेदीचा निर्णय आणि जमिनीच्या मालकीचा प्रश्न

भाड्याची खोली, पागडीची खोली आणि ओनरशिपचा ब्लॉक ही तीन पदे विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईतील मराठी कुटुंबांच्या नित्याच्या बोलण्यात एकाच पंगतीला बसलेली होती. पैकी तिसरे पद सर्वांत नवे. आणि त्याचा अर्थ सर्वांत उघड आहे असे वाटण्याजोगे. ओनरशिप म्हणजे मालकी. परंतु मालकी कशाची? चार भिंतींच्या आतील अवकाशाची, इमारतीच्या एका अंशाची, की इमारत ज्या जमिनीवर उभी आहे त्या जमिनीची? बिल्डरकडून नवा ब्लॉक घ्यावा की न घ्यावा, हा निर्णय गेल्या सात दशकांत मुंबईच्या लक्षावधी कुटुंबांनी घेतला आहे. आयुष्यभराची शिल्लक, प्रॉव्हिडंट फंडातून उचललेली रक्कम आणि पुष्कळदा घरातील स्त्रियांचे सोने या निर्णयात गुंतलेले असे. असे असूनही वरील प्रश्न निर्णयाच्या क्षणी सहसा विचारला गेला नाही. याचे कारण एरवी दोन ठिकाणी शोधले जाते : बिल्डरच्या लोभात आणि गिऱ्हाइकाच्या भोळेपणात. दोन्ही कारणे सर्वस्वी खोटी नव्हेत. पण ती पुरेशीही नव्हेत. खरेदीदाराने ओनरशिपच्या ब्लॉकची तुलना रीतसर खरेदीखताने मिळणाऱ्या घराशी केली नाही. त्याने ती पागडीच्या खोलीशी केली. हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा निर्णय शहाणपणाचा ठरतो, आणि त्या निर्णयातून निघालेला जमिनीचा गुंता पुढे का वाढला तेही उमगते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, आणि त्यानंतरही बराच काळ, मुंबईतील नोकरदार माणूस भाड्याने राहत असे. त्यात त्याला कमीपणा वाटत नसे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने दादर–माटुंगा भागात आखणी करून पाडलेल्या भूखंडांवर खासगी मालकांनी इमारती बांधल्या त्या मुख्यतः भाड्याने देण्यासाठीच. १९२० मध्ये स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे उभारलेल्या चाळी तर सरळसरळ भाड्याच्या. इमारत बांधणे हा पैसे गुंतविण्याचा मार्ग होता आणि राहणे हा निराळा व्यवहार. बांधणारा आणि राहणारा यांच्यात विक्रीचा संबंध येण्याचे कारणच नव्हते.

ही घडी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर मोडली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० रोजी असलेल्या भाड्याला बांधून टाकले. महागाईच्या काळात भाडेकरूचे रक्षण करणे हा त्या कायद्याचा हेतू होता, व तो रास्तही होता. तथापि भाडे गोठले, बांधकामाचा खर्च मात्र गोठला नाही. भाड्यासाठी इमारत बांधणे हा तोट्याचा धंदा झाला आणि ज्या मालकांनी पूर्वी चाळी व इमारती उठविल्या त्यांनी हात आखडता घेतला. याच सुमारास फाळणीचे निर्वासित शहरात आले. १९५१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईच्या आजच्या हद्दीतील लोकसंख्या सुमारे ३० लाख होती; ती १९६१ मध्ये साडेएकेचाळीस लाखांवर गेली. सरकारी गृहनिर्माण मंडळाची घरे या वाढीच्या मानाने फारच थोडी होती.

भाड्याची खोली रिकामी होईना, आणि झालीच तर पागडीवाचून मिळेना. पागडी म्हणजे खोलीचा ताबा मिळविण्यासाठी मालकाला किंवा जाणाऱ्या भाडेकरूला रोख द्यावयाची रक्कम. १९४७ च्या कायद्याने ती घेणे गुन्हा ठरविले होते, म्हणूनच तिची पावती नसे. पागडी देणाऱ्याच्या हाती एक संरक्षित भाडेकरार येई. मालकीचा त्यात अंशही नसे, आणि दिलेली रक्कम न्यायालयात सांगताही येत नसे. ही रूढी इतकी खोलवर गेली की १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने अखेर तिला कायदेशीर मान्यता दिली. १९५० च्या दशकातील कारकून, शिक्षक वा छोटा व्यापारी यांच्यापुढील खरा पर्याय हा होता : मोठी रक्कम, कागद नाही, मालकी नाही. या पार्श्वभूमीवर कोणी स्टँपपेपरवर लिहून दिलेला करार, पैसे भरल्याच्या पावत्या आणि पुढे सोसायटीचे सभासदत्व देऊ केले तर तो व्यवहार कितीतरी सुरक्षित वाटणार, यात नवल ते काय? करारात काय नाही हे पाहण्याची दृष्टी ज्या तुलनेतून आली असती ती तुलना त्याच्या अनुभवात नव्हतीच.

मुंबईत सामुदायिक मालकीच्या घरांची एक दुसरी, अधिक जुनी परंपरा होती. १९१५ मध्ये गावदेवी येथे नोंदली गेलेली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी ही शहरातील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था. रावबहादूर तालमकी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ही चळवळ वाढविली. १९०४ व १९१२ चे अखिल भारतीय सहकारी कायदे आणि १९२५ चा मुंबई प्रांताचा सहकारी कायदा यांचा तिला आधार होता. या संस्थांच्या कामाचा क्रम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. आधी माणसे एकत्र येत आणि संस्था नोंदवीत. संस्था जमीन मिळवी, कर्ज काढी, कंत्राटदार नेमी. इमारत सर्वांत शेवटी. भाडेकरू-सहभागी पद्धतीच्या संस्थेत जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेच्या नावावर असत व सभासद हक्काने राहत. येथे घर घ्यावे की नाही हा प्रश्न बिल्डरविषयी नव्हताच. तो शेजाऱ्यांविषयी होता. दोष याही पद्धतीत होते. एका ज्ञातीची वा एका कचेरीची माणसे जमल्याखेरीज संस्था उभी राहत नसे, वर्षानुवर्षे सभा भरवाव्या लागत, आणि ज्याला घराची निकड होती त्याला तेवढा धीर नसे. पण जमिनीची मालकी कोणाची, हा संशय तेथे नव्हता.

ओनरशिपच्या ब्लॉकने हा क्रम उलटा केला. बिल्डर प्रथम जमिनीच्या मालकाशी बोलणी करी. पुष्कळदा जमीन विकत न घेता तिच्या खरेदीचा केवळ करार करी. नकाशे तयार होत, जाहिरात निघे, नोंदणी सुरू होई. पायाच्या वेळी एक हप्ता, जोत्याला एक, प्रत्येक स्लॅबला एक, अशा हप्त्यांनी ब्लॉक घेणाऱ्यांचे पैसे येत आणि त्याच पैशांतून इमारत वर चढे. सर्व ब्लॉक विकले गेल्यानंतर घेणाऱ्यांची सोसायटी स्थापन करावयाची, आणि अगदी शेवटी जमीन व इमारत त्या सोसायटीच्या नावे करून द्यावयाची. सहकारी संस्थेत जी पायरी पहिली ती येथे शेवटची झाली. आणि शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचण्याची गरज ती चढणाऱ्यांपैकी एकालाच, म्हणजे खरेदीदाराला होती. बिल्डरचा पैसा तोपर्यंत वसूल झालेला असे.

यात खरेदीदाराची भूमिका दुहेरी होती. तो गिऱ्हाईक होता तसा सावकारही होता. बांधकामाचे भांडवल त्याचे; मात्र सावकाराला मिळणारे तारण त्याला नाही, व्याज नाही, आणि हिशेब मागण्याचा अधिकारही नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५४ व्या कलमाप्रमाणे विक्रीच्या केवळ कराराने स्थावर मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. ५५ व्या कलमाने आगाऊ रकमेपुरता खरेदीदाराचा बोजा मिळकतीवर मानला होता हे खरे. पण जी मिळकत विकणाऱ्याच्याही नावावर अजून झालेली नाही, आणि जिच्यावर असेच हक्क सांगणारी आणखी वीस-पंचवीस कुटुंबे आहेत, तिच्यावर हा बोजा बजावावयाचा कसा? हे कलम एक विकणारा, एक घेणारा आणि एक घर अशी कल्पना करून लिहिलेले होते. तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांचा विचार त्यात नव्हता.

मग निर्णय घेताना खरेदीदारास पाहता काय येत असे? मोकळा भूखंड, निळ्या कागदावरचा नकाशा, बिल्डरचे नाव आणि त्याने पूर्वी बांधलेली एखादी इमारत. तेथे राहणाऱ्या ओळखीच्या माणसाचा अभिप्राय हा बहुधा निर्णायक पुरावा. हा पुरावा अगदीच टाकाऊ नव्हे. बांधकामाचा दर्जा, ताबा वेळेवर मिळाला की नाही, पाणी येते की नाही, हे त्यातून कळे. जमिनीची मालकी निर्वेध आहे का, ती गहाण आहे का, महापालिकेने किती मजले मंजूर केले आहेत, हे मात्र ओळखीच्या माणसालाही ठाऊक नसे. किमतीचा काही भाग रोखीने व कागदाबाहेर देण्याचा प्रघात पडल्यावर तर खरेदीदाराने आपल्याच पुराव्याचा एक तुकडा आपल्या हाताने नाहीसा केला. पुढे वाद झाला तर करारात लिहिलेली रक्कम तेवढी परत मागता येई.

या व्यवहारांतील गैरप्रकार इतके वाढले की राज्य सरकारने २० मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य अस्तित्वात येऊन तीन आठवडे होतात न होतात तोच, त्यांच्या चौकशीसाठी एक समिती नेमली. तिचा अहवाल जून १९६१ मध्ये सरकारला मिळाला आणि त्यातून १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा कायदा जन्मास आला. कायद्याच्या प्रास्ताविकातच घरांच्या तीव्र टंचाईचा, आणि सदनिकांचे बांधकाम, विक्री, व्यवस्थापन व हस्तांतरण यांतील वाढत्या गैरप्रकारांचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रास्ताविकात तक्रारीचा एवढा उघड सूर असलेले कायदे थोडेच. संसदेने याच विषयावरचा कायदा २०१६ मध्ये केला हे पाहिले असता महाराष्ट्राने अर्ध्या शतकाहून अधिक आघाडी घेतली होती असे म्हणणे प्राप्त आहे.

१९६३ च्या कायद्याचे वाचन खरेदीदाराच्या प्रश्नांची यादी म्हणून केल्यास त्याचे मर्म अधिक चांगले कळते. तिसऱ्या कलमाने प्रवर्तकावर घातलेली बंधने ही वस्तुतः विसार देण्यापूर्वी विचारावयाच्या प्रश्नांची उत्तरे आहेत. जमिनीवरील हक्क कोणता, व तो किमान तीन वर्षे वकिली केलेल्या वकिलाने प्रमाणित केला आहे काय? जमिनीवर बोजे कोणते? मंजूर नकाशे कोठे पाहावयास मिळतील? ताबा कोणत्या तारखेस? चौथ्या कलमाने ठरविले की लेखी करार करून तो नोंदविल्याखेरीज आगाऊ रक्कम घ्यावयाची नाही, व ती किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. पाचव्याने घेतलेल्या रकमांचे स्वतंत्र खाते ठेवावयास सांगितले. सातव्याने घेणाऱ्यांच्या संमतीविना नकाशात फेरफार करण्यास मनाई केली, आठव्याने ताबा न दिल्यास व्याजासह परतफेडीची तरतूद केली, आणि नवव्याने करारानंतर घेणाऱ्याच्या संमतीविना मिळकत गहाण टाकण्याचा मार्ग बंद केला. दहावे कलम सोसायटी वा कंपनी स्थापन करण्याविषयी व अकरावे अभिहस्तांतरणाविषयी. कराराने मुदत ठरलेली नसल्यास सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यावी, असे नियमांत घातले गेले. उलट्या झालेल्या क्रमाची शेवटची पायरी अशा रीतीने कायद्याच्या कक्षेत आली.

इतका काटेकोर कायदा असताना गुंता सुटला का नाही, याचे उत्तर त्याच्या रचनेतच आहे. प्रवर्तकाने काय सांगावे हे कायद्याने ठरविले. त्याने सांगितले की नाही हे पाहणारी यंत्रणा मात्र निर्माण केली नाही. कसूर झाल्यास फौजदारी खटला वा दिवाणी दावा एवढाच उपाय. ज्याने आपली सर्व पुंजी बिल्डरच्या हाती दिली आहे व ज्याचे घर अजून अर्धवट आहे तो त्याच बिल्डरवर खटला कसा भरणार? शिवाय टंचाईच्या बाजारात कागदपत्र मागणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा न मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ब्लॉक आधी मिळे. कायद्याने दिलेला अधिकार वापरण्याची किंमत ज्याची त्याने मोजावयाची होती.

याहून विलक्षण प्रकार नोंदणीच्या बाबतीत घडला. करार नोंदविला जावा ही तरतूद खरेदीदाराच्या रक्षणासाठी होती. परंतु बहुसंख्य करार नोंदविलेच जात नसत. १९८१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात असा निर्णय दिला की या कायद्याचा लाभ मिळण्यास करार नोंदलेला असणे आवश्यक आहे. प्रवर्तकाच्या कसुरीचे फळ अशा रीतीने खरेदीदाराच्या पदरात पडले. हा परिणाम दूर करण्यासाठी त्याच दशकात विधिमंडळास ‘४-अ’ हे नवे कलम घालावे लागले. ताब्याच्या बाबतीतही असेच. महापालिकेच्या दाखल्यावाचून प्रवर्तकाने ताबा देऊ नये असे सांगून कायदा थांबला नाही. कोणीही तसा ताबा घेऊ नये असेही त्याने म्हटले. परंतु जुन्या खोलीची मुदत संपलेली, हप्ते भरलेले आणि इमारत डोळ्यांपुढे उभी, अशा स्थितीत दाखल्याची वाट पाहत बाहेर थांबणारे कुटुंब विरळा.

वरळीच्या कॅम्पा कोला आवारातील प्रकरण याच वळणाचे आहे. १९८० च्या दशकात तेथे मंजुरीहून अधिक मजले चढविले गेले आणि लोक राहावयास गेले. पुढे भोगवटा प्रमाणपत्राचा व पाण्याच्या जोडणीचा प्रश्न न्यायालयांत फिरत राहिला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा मजल्यांना संरक्षण नाकारले. रहिवाशांनी पैशांसाठी बिल्डरविरुद्ध दाद मागावी एवढी मोकळीक ठेवली. कायद्याच्या दृष्टीने निकाल बिनचूक असेल. पण मधल्या तीन दशकांत महापालिका सर्व काही पाहत होती, ही गोष्ट निकालाच्या बिनचूकपणाने पुसली जात नाही.

आता जमिनीकडे वळावयाचे. अभिहस्तांतरण झाले नाही म्हणून १९६० च्या दशकातील खरेदीदाराचे तत्काळ काही बिघडत नसे. ताबा होता, सोसायटी होती, भागपत्र होते, मासिक वर्गणी भरली जात होती. जमीन अजून जुन्या मालकाच्या वा बिल्डरच्या नावावर आहे हे मिळकत पत्रिका पाहणाऱ्या एखाद्या चिकित्सक चिटणिसालाच ठाऊक. इमारत उभी राहिल्यावर तिच्याखालच्या जमिनीचा दुसरा उपयोग तो काय, असे त्या काळी वाटणे स्वाभाविक होते. हा समज बदलला तो चटईक्षेत्र निर्देशांकामुळे. १९६४ च्या विकास आराखड्यातून आलेल्या व १९६७ पासून अमलात आलेल्या या मोजमापाने भूखंडावर किती बांधता येईल याला आकडा दिला. आकडा मिळाला की शिल्लक काढता येते. बांधले किती, बांधता येईल किती, आणि उरले ते कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोकळ्या जमिनीचा पुरवठा आणखी आवळला, आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने एका ठिकाणचे विकास हक्क दुसरीकडे नेऊन वापरण्याची सोय केली. जिच्या नावावर जमीन नाही अशा सोसायटीच्या डोक्यावर दोन मजले चढविण्याचा, वा अंगणात दुसरी इमारत उभारण्याचा हक्क बिल्डर सांगू लागला, तेव्हा अकराव्या कलमाचे मोल कळले.

या झगड्यात सातवे कलम मध्यवर्ती ठरले. १९८६ च्या दुरुस्तीने ‘७-अ’ हे कलम घालून, एकाच आखणीतील इतर इमारतींना मूळची संमतीची अट लागू नव्हती असे पूर्वलक्षी प्रभावाने जाहीर केले. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मधुविहार सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केले की ही मोकळीक मिळण्यास प्रवर्तकाने संपूर्ण आराखडा खरेदीदारापुढे आधीच ठेवलेला असला पाहिजे. म्हणजे प्रश्न पुन्हा निर्णयाच्या क्षणाकडेच आला : करारावर सही करताना खरेदीदारास काय दाखविले होते? २०१० मध्ये पांचाली सोसायटीच्या प्रकरणात इमारतीखालील खांबांमधील मोटारींची जागा ही ‘सदनिका’ नव्हे, सबब बिल्डरला ती निराळी विकता येत नाही, असा निर्णय झाला. तोपर्यंत अशा जागा वर्षानुवर्षे विकल्या गेल्या होत्या.

शासनाने खरेदीदाराच्या हक्काला मान्यता दिलीच नाही असे नव्हे. पण ती तुकड्यातुकड्याने दिली, आणि ज्या तुकड्यात महसूल होता तेथे आधी दिली. १९६१ च्या आयकर कायद्याच्या २७ व्या कलमाने सोसायटीच्या सभासदास घराच्या उत्पन्नापुरता मालक मानले. १९७५ मध्ये रमेश हिंमतलाल शहा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदाचा सदनिकेवरील हक्क ही जप्त करून विकता येण्याजोगी मालमत्ता आहे असे ठरविले. तो हक्क मालमत्ता म्हणून सिद्ध झाला तो सभासदाच्या धनकोच्या सोयीसाठी, ही त्यातील गंमत. पुढे १० डिसेंबर १९८५ पासून मुंबई मुद्रांक कायद्यातील दुरुस्तीने, ज्या करारान्वये ताबा दिला जातो वा द्यावयाचा असतो तो करार मुद्रांक शुल्काकरिता अभिहस्तांतरणच समजावयाचा ठरला. तेव्हापासून खरेदीदार पूर्ण खरेदीखताचे शुल्क भरू लागला. जमीन मात्र शुल्क भरूनही त्याच्या सोसायटीच्या नावे होत नसे.

१९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याने निराळी वाट सुचविली होती. प्रत्येक सदनिकाधारकास सदनिकेची मालकी आणि जमिनीत व सामाईक भागांत अविभक्त हिस्सा, अशी ती रचना. तात्त्विक दृष्ट्या ‘ओनरशिप’ या शब्दाला जागणारी व्यवस्था हीच. पुण्यात ती बऱ्याच ठिकाणी रुजली. मुंबईने सोसायटी सोडली नाही.

१९७७ मध्ये हसमुख पारेख यांच्या पुढाकाराने गृहकर्ज देणारी एचडीएफसी ही संस्था स्थापन झाली, आणि पुढील दोन दशकांत पगारदाराला दीर्घ मुदतीचे कर्ज सुलभ झाले. यामुळे खरेदीच्या निर्णयात एक तिसरा पक्ष आला. कर्ज देणारा जमिनीची कागदपत्रे तपासतो, म्हणून त्याने मंजुरी दिलेली इमारत निर्धोक, असा समज रूढ झाला. तपासणीचा उपयोग झाला यात शंका नाही. परंतु ती तपासणी कर्ज वसूल होईल की नाही यापुरती असते. खरेदीदाराच्या जोखमीचा तो निम्माच भाग होय. दुसऱ्या बाजूने १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १९९३ च्या दुरुस्तीने घरबांधणी ‘सेवा’ म्हणून समाविष्ट झाली, आणि त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक मंचांचे दार घर घेणाऱ्यांसाठी उघडे असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. वकिलाशिवायही चालविता येणारी ही तक्रार दिवाणी दाव्याहून कितीतरी आवाक्यातली होती.

महाराष्ट्राने २०१२ मध्ये नियामक प्राधिकरण स्थापन करणारा कायदा केला. त्यास २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण संसदेच्या २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने तो रद्दबातल ठरविला. १ मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाले. १९६३ च्या कायद्याशी तुलना करता नव्या कायद्यातील बरीच कलमे परिचयाची वाटतात. करारापूर्वी घ्यावयाच्या रकमेची मर्यादा २० वरून १० टक्क्यांवर आली. स्वतंत्र खात्याची जुनी कल्पना अधिक कडक झाली व खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के त्या प्रकल्पाच्या जमिनीसाठी व बांधकामासाठीच राखून ठेवणे भाग पडले. चटईक्षेत्राची व्याख्या ठरली. रचनेतील दोषांची जबाबदारी पाच वर्षांची झाली. खरा फरक दुसरीकडे आहे. नोंदणीपात्र प्रकल्पाची नोंदणी झाल्याखेरीज जाहिरातच करावयाची नाही आणि जमिनीच्या हक्काची, मंजुरींची व मुदतीची माहिती सर्वांस पाहता येईल अशी ठेवावयाची, या नियमांमुळे प्रश्न विचारण्याचे ओझे एकेकट्या गिऱ्हाइकाच्या अंगावरून काही अंशी उतरले. सात दिवसांची सूचना देऊन बिल्डरच्या कचेरीत नकाशे पाहावयास जाणे आणि घरबसल्या ते पाहणे यांत सौजन्याचा नव्हे, सामर्थ्याचा भेद आहे. २०१८ मध्ये दिवाळखोरी संहितेत झालेल्या दुरुस्तीने घर घेणाऱ्यांस ‘वित्तीय धनको’ ठरविले. पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. खरेदीदार हा सावकारही आहे, ही १९५० च्या दशकापासूनची वस्तुस्थिती कायद्याच्या भाषेत उतरण्यास सुमारे साठ वर्षे लागली.

जुन्या इमारतींचा प्रश्न मात्र नव्या कायद्याने सुटण्याजोगा नव्हता. त्यांच्यासाठी २००८ मध्ये १९६३ च्या कायद्याच्या अकराव्या कलमात मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद घालण्यात आली. प्रवर्तक दाद देत नसेल वा त्याचा ठावठिकाणा नसेल, तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा आणि सुनावणीनंतर त्याने एकतर्फी अभिहस्तांतरणाचे प्रमाणपत्र द्यावे, अशी ही पद्धत. चार महिन्यांत व्हावयाचे काम चाळीस-पन्नास वर्षांनी करण्याचा हा मार्ग निघाला तेव्हा पहिल्या पिढीच्या कित्येक इमारती जीर्ण झाल्या होत्या. ३ जानेवारी २००९ रोजी शासनाने सहकारी संस्थांच्या इमारतींच्या पुनर्विकासासाठी निर्देश काढले आणि सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांत नवे बिल्डर, नवे नकाशे, वाढीव चटईक्षेत्र व तात्पुरत्या घराचे भाडे यांची चर्चा सुरू झाली. १९६० च्या सुमारास ब्लॉक घेतलेल्या माणसाची मुले वा नातवंडे त्या सभांत बसलेली असतात. इमारत पाडून तिच्या जागी बिल्डर जे नवे घर देऊ करीत आहे ते घ्यावे की नाही, हे आता त्यांनी ठरवावयाचे असते. त्यासाठी पहिली गरज लागते ती आजोबांनी सही केलेल्या मूळ कराराची. आणि तो नोंदविलेला होता की नाही, हे पाहण्यासाठी घरातील जुन्या पेट्या उघडल्या जातात.